मास्क बांधणारे हात

‘डॉक्टर, आईला मशीनवर ठेवलंय,’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नळी घातली आहे, की मास्क बांधला आहे? पलीकडे बहुधा काही क्षण शांतता पसरते. आपल्याकडे ‘मशीन’ या एका शब्दात दोन अगदी भिन्न उपचार कोंबले गेले आहेत. त्यातच करोनाच्या दोन वर्षांनी या शब्दाभोवती असे भय उभे केले, की वडीलधाऱ्या माणसास मशीन लावले म्हणजे आता त्यांना पाहावयाचे ते काचेपलीकडूनच, अशी अनेकांची समजूत होऊन बसली आहे.

पहिल्या प्रकारात रुग्णास गुंगीचे औषध देऊन तोंडावाटे श्वासनलिकेत नळी सरकवतात व श्वासाचे सर्व काम यंत्राकडे सोपवतात. रुग्णास बोलता येत नाही, गिळता येत नाही, खोकून कफ काढता येत नाही. दुसऱ्या प्रकारात नाक व तोंड झाकणारा मऊ कडेचा मास्क चेहऱ्यावर बांधतात आणि त्यातून दाबाने हवा देतात. रुग्ण जागा असतो, स्वतः श्वास घेत असतो, मास्क बाजूला करून चार घोट पाणी पिऊ शकतो, सुनेला ओळखू शकतो. नॉन इनव्हेजिव्ह व्हेंटिलेशन असे याचे लांबलचक नाव असले तरी वॉर्डात सगळे त्याला बायपॅप म्हणतात. श्वास आत घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी दाब, असे दोन दाब त्यात असतात. चढावर अडलेल्या बैलगाडीला मागून खांदा द्यावा, तसे हे साह्य असते. गाडी बैलच ओढतात. खांदा देणाऱ्याने त्यांच्या चालीशी आपली चाल जुळवून घ्यावयाची असते.

याची सर्वाधिक गरज ज्यांना लागते, ते सीओपीडीचे रुग्ण माझ्या दवाखान्यात रोज येतात. कृष्णाकाठच्या या तालुक्यात मी गेली अठ्ठावीस वर्षे व्यवसाय करीत आहे. येथे विडी ओढणारे पुरुष जसे या व्याधीने ग्रस्त आहेत, तशाच आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकाही, आणि गुऱ्हाळावरचे लोकही. थंडीत सर्दीखोकल्याचे निमित्त होते, आधीच थकलेले छातीचे स्नायू पूर्ण थकतात आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडावयाचा कार्बन डायऑक्साइड रक्तात साठू लागतो. रक्त आम्लधर्मी होते. माणूस पेंगू लागतो, असंबद्ध बोलतो, डोके दुखते म्हणतो. घरच्यांना वाटते, आजोबांना बरी झोप लागली. ही झोप औषधाने आलेली नसते व विश्रांतीचीही नसते; तो वायू मेंदूस ग्लानी आणत असतो.

अशा रुग्णास भरमसाट प्राणवायू देणे घातक ठरू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बोटाच्या चिमट्यावर ९९ दिसले की नातेवाईक सुस्कारा टाकतात. पण सीओपीडीच्या या रुग्णांत ८८ ते ९२ ही पातळी पुरेशी आणि सुरक्षित मानली जाते. त्याहून वर नेण्याच्या हव्यासात कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. प्राणवायूच्या सिलिंडरची चावी स्वतः फिरवणारे प्रेमळ चिरंजीव मी अनेक पाहिले आहेत. त्यांचे प्रेम मला समजते, पण चावी त्यांनी फिरवू नये.

मास्कच्या या उपचाराचा पुरावा पक्का आहे. १९९५ साली युरोपातील पाच रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सीओपीडी बळावलेल्या ८५ रुग्णांचा समावेश होता. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना अखेर नळी घालावी लागली. मास्क लावलेल्यांत हेच प्रमाण २६ टक्के होते. मृत्यूचे प्रमाणही २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. परंतु ही सारी अतिदक्षता विभागांतील गोष्ट. तेथे निष्णात डॉक्टर आणि एकेका खाटेशी एकेक परिचारिका. साध्या वॉर्डात हे जमेल काय, हा प्रश्न इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात लीड्सच्या छातीरोगतज्ज्ञांनी हाती घेतला आणि त्याचे उत्तर २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले.

त्या अभ्यासाचा मी चाहता आहे, आणि त्याचे कारण आकड्यांपलीकडचे आहे. चौदा रुग्णालये, २३६ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला मास्क. पहिल्या गटात २४ जण दगावले, दुसऱ्यात १२. हा उपचार ज्यांच्या हाती होता त्या वॉर्डातील साध्या परिचारिका होत्या. यंत्र सोपे निवडले होते, दाब किती व कसा वाढवावा याची पायरीपायरीने आखणी कागदावर दिलेली होती, आणि प्रत्येक वॉर्डातील कर्मचाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत सरासरी साडेसात तासांच्या आसपास शिकवले गेले. पुढे महिन्याला एखादा तास. एवढ्याशा शिकवणीवर इतकी माणसे वाचली. ज्यांचे रक्त फारच आम्लधर्मी झाले होते त्यांना मात्र साध्या वॉर्डात तितका लाभ झाला नाही, त्यांची जागा अतिदक्षता विभागातच होती, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

आणि मग त्याच देशातून २०१७ साली दुसरा अहवाल आला. मधल्या सतरा वर्षांत बायपॅप सर्वत्र पोहोचला होता. रुग्णालयांत मास्क लावलेल्यांच्या कागदपत्रांची तपासणी केली असता पाचांपैकी चार रुग्णांची शुश्रूषा ‘चांगली’ या पातळीस उतरली नाही आणि तीनांपैकी एकाहून अधिक रुग्ण दगावले, असे दिसले. अधिक आजारी, अधिक वयस्क माणसांना मास्क लागू लागला होता, हे कारण होतेच. पण उपचार उशिरा सुरू होणे, दाब पुरेसा न वाढवणे, नोंदी न ठेवणे, न शिकलेल्या हातांनी यंत्र चालवणे हीही कारणे होती. यंत्र तेच होते, किंबहुना अधिक चांगले झाले होते.

आपल्याकडे याची वेगळी तऱ्हा. यंत्र आले की नारळ फुटतो, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. यंत्र चालवणाऱ्यांच्या शिकवणीस नारळ फोडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. करोनाकाळात देणगीतून आलेले एक यंत्र प्लास्टिकच्या वेष्टनासह कोपऱ्यात उभे असलेले मी पाहिले आहे. त्याचा उपयोग स्टेथोस्कोप अडकवण्यापुरता होत होता.

म्हणूनच आमच्या गावातील एका छोट्या रुग्णालयाने पुण्याच्या एका छातीरोगतज्ज्ञ बाईंना रविवारी शिकवायला बोलावले, तेव्हा मीही जाऊन बसलो. माझे रुग्ण तेथेच दाखल होतात. आम्ही अकरा जण होतो. पाच परिचारिका, तीन निवासी डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, वॉर्डबॉयचे काम करणारे मामा, आणि मी. मामांना कशाला, असे कोणी म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘रात्री दोन वाजता पेशंटला उठवून बसवणार कोण? तेच ना? मग तेच आधी शिकतील.’

पहिला अर्धा तास आकृत्या होत्या. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नंतर त्यांनी यंत्र सुरू केले आणि म्हणाल्या, आता प्रत्येकाने स्वतः लावून घ्यायचा.

छप्पन्न वर्षांचा धडधाकट माणूस मी. तरी मास्क चेहऱ्यावर आला आणि हवेचा झोत आत शिरला, तेव्हा पहिले दहा सेकंद माझी घाबरगुंडी उडाली. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तोंड काढल्यावर जसा श्वास कोंडतो, तसा हवेनेच श्वास कोंडला. हात आपोआप मास्ककडे गेला. बाईंनी मुद्दामच माझ्या डोक्यामागे पट्टे घट्ट आवळले होते. मग त्यांनी ते सोडले, मास्क नुसता हाताने धरला, दाब अगदी कमी केला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि सांगितले, ‘माझ्याबरोबर श्वास घ्या. आत... सोडा.’ पाचसात श्वासांत यंत्राची लय मला सापडली. पट्टे त्यांनी त्यानंतर बांधले, दोन बोटे आत जातील इतपत सैल. यंत्र तेच, मास्क तोच, नाकही माझेच. त्या दिवसापूर्वी मला मास्कविषयी जे ठाऊक होते ते पुस्तकातील होते.

पुढे दिवसभर बारकावे चालले. मास्क चेहऱ्याच्या मापाचा हवा. मोठा लावून पट्टे आवळणे ही सर्वत्र आढळणारी खोड. थोडी हवा कडेने गळली तरी यंत्र ती भरून काढते, डोळ्यांत मात्र झोत जाता कामा नये. नाकाच्या दांडीवर आधीच संरक्षक पट्टी लावावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेथे जखम होते आणि मग कितीही चांगला मास्क रुग्ण लावू देत नाही. रुग्णास उताणे झोपवू नये, उशाकडून खाट उंच करून अर्धवट बसते ठेवावे. उलट्या होत असतील, शुद्ध इतकी हरपली असेल की थुंकीही गिळता येत नाही, किंवा चेहऱ्यास मोठी इजा असेल, तर मास्क या उपचाराचा विचारही करू नये.

मग त्यांनी दोन हातांत दोन मास्क धरले. दिसायला जवळपास सारखे. ‘फरक सांगा.’ कोणासच सांगता येईना. एकास उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे होती, दुसऱ्यास नव्हती. बिनछिद्रांच्या मास्कचा कोपरा बहुधा निळा असतो. तो वेगळ्या जोडणीसाठी असतो. एकाच नळीच्या यंत्रास लावून नळीत बाहेर पडण्याची वाट ठेवली नाही, तर सोडलेला श्वासच रुग्ण पुन्हा आत घेत राहतो. ज्या वायूतून त्याची सुटका करावयाची, तोच त्यास पाजला जातो. एवढे सांगून झाल्यावर वीस वर्षे नोकरी झालेल्या थोरल्या सिस्टर उठल्या, कपाटातून रुग्णालयातले सगळे मास्क काढून टेबलावर मांडले आणि निळे कोपरे वेगळ्या खोक्यात घातले. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत.

बाईंचा भर एका गोष्टीवर फार होता. पडद्यावरच्या आकड्यांकडे शेवटी पाहा, आधी माणसाकडे पाहा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मानेचे स्नायू ओढले जात आहेत का, छाती यंत्राबरोबर उचलली जाते आहे का, डोळे तुमच्याकडे वळतात का. तासाभराने धमनीतील रक्त पुन्हा तपासा, चार तासांनी पुन्हा. सुधारणा नसेल तर दाब, मास्क, गळती तपासा आणि वेळ न दवडता मोठ्या डॉक्टरांना कळवा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. मास्क लावला म्हणजे काहीतरी केले, या समाधानात रात्र निघून जाणे, हा त्यांच्या मते या उपचारातील सर्वांत मोठा धोका होता.

त्या एका रविवारने भागले असते असे मला वाटत नाही. आठवड्यात दोन परिचारिका जास्त पगाराच्या नोकरीवर मुंबईस गेल्या, हे आपल्याकडचे नेहमीचेच. परंतु बाई दर महिन्यास तासभर व्हिडिओवर येत, त्या महिन्यातील प्रत्येक रुग्णाची नोंदवही उघडायला लावत, आणि नवीन आलेल्या मुलीस थोरल्या सिस्टरांनी मास्क लावून दाखवावा, असा त्यांनी दंडक घातला. यॉर्कशायरचा महिन्याचा तो एखादा तास मला तेव्हा आठवला.

जानेवारीत आबा आले. वय ७३, चाळीस वर्षे गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे वासावरून सांगणारा माणूस. त्याच चुलाणाच्या धुराने फुप्फुसे खाल्ली, वर विडी होतीच. मुलाने रिक्षातून आणले तेव्हा ओठ निळसर, वाक्य पुरे करता येत नव्हते. रुग्णालयात रक्त तपासले. पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ७४. मास्क लावावा लागेल, असे मी सांगितले आणि आबांनी माझा हात धरला.

‘डॉक्टरसाहेब, त्यो मुखवटा परत नगं. मेलो तर मेलो.’

आदल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांना बायपॅप लावला होता. मुलाने सांगितलेली हकिगत अशी : मास्क एकदम आवळून बांधला, काय करणार हे सांगितले नाही, आबांनी तो तीनदा ओढून काढला, तेव्हा रात्री त्यांचे हात खाटेच्या कठड्यास बांधले. नाकावर जखम झाली, तिचा व्रण अजून दिसत होता. अखेर रुग्ण सहकार्य करीत नाही, असे लिहून नळी घातली. आबा वाचले, पण तीन आठवड्यांनी घरी आले ते दुसऱ्याच्या आधाराने चालत.

थोरल्या सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. वास्तविक कडेवर बसू नये असा रुग्णालयाचा नियम आहे. त्यांनी आबांच्या हातात मास्क दिला. ‘तुम्हीच धरा. पट्टा बांधत नाही. नको वाटलं की काढा, मी काही म्हणणार नाही.’ यंत्र कमीत कमी दाबावर. आबांनी तो स्वतः चेहऱ्याशी नेला, काढला, पुन्हा नेला. सिस्टर त्यांच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होत्या. मी घड्याळ पाहत होतो. चौदा मिनिटे गेली. तेवढ्या वेळात आपण काहीच करीत नाही आहोत, असे शेजारच्या निवासी डॉक्टरास वाटत होते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग आबांनी मान हलवली आणि सिस्टरांनी पट्टे लावले. नाकावर पट्टी आधीच होती. त्यानंतर दर काही मिनिटांनी दाब थोडा थोडा वाढवीत नेला. एका तासाने पीएच ७.३०, चार तासांनी ७.३४. पहाटे आबांनी खुणेने चहा मागितला, तो मास्क काढून पाजला आणि मग मास्क पुन्हा लावून घेतला. दोन रात्री मास्क, दिवसा विश्रांतीपुरती सुट्टी, सहाव्या दिवशी घरी.

अशा वेळी घरच्यांनीही काही गोष्टी सांभाळाव्यात. कवळी असेल तर ती काढून घरी नेऊ नका. डॉक्टरांनी नको म्हटले नाही तर कवळी तोंडात राहिल्याने गाल बसत नाहीत व मास्क नीट बसतो. मास्क आपल्या हाताने काढून खाऊ घालू नका, सिस्टरांना विचारा, आणि पोटभर जेवणानंतर लगेच मास्क लावू देऊ नका. श्रवणयंत्र व चष्मा जवळ असू द्या. ज्यास ऐकू येत नाही त्यास धीर कसा देणार? मास्क असताना रुग्ण अधिकाधिक गुंगू लागला, तर ‘झोप लागली’ असे न समजता तत्काळ सांगा. आणि दोन प्रश्न अवश्य विचारा : यापूर्वीची रक्ततपासणी केव्हा झाली, आणि पुढची केव्हा? नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा राग चांगल्या रुग्णालयात कोणी धरीत नाही.

आणखी एक प्रश्न आहे तो मास्क लावण्यापूर्वीच विचारावयाचा असतो. बाईंनी त्या रविवारी त्यावर जवळजवळ तासभर घालवला. मास्कने भागले नाही तर पुढे काय? नळी घालायची, की मास्क हीच शेवटची पायरी मानून माणसास त्रास होणार नाही एवढेच पाहायचे? याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते रुग्णाच्याच तोंडून, त्याची शुद्ध असताना, ऐकलेले बरे. रात्री दोन वाजता, जिन्यात उभ्या असलेल्या मुलास ते विचारणे क्रूरपणाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी पूर्वइच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येते.

आबा पंधरा दिवसांनी तपासणीस आले तेव्हा मी हा विषय काढला. मुलगा अस्वस्थ झाला, ‘आत्ता कशाला, डॉक्टर?’ म्हणाला. आबांनी त्याला गप्प केले. बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘मास्क घालीन. त्या बाई असतील तर कवाबी घालीन. नळी नगं.’ त्या बाई नसल्या तर, असे मी विचारले. तर म्हणाले, त्यांनी ज्या पोरीला शिकवलंय ती चालेल. गेल्या महिन्यात नोटरीकडे जाऊन पत्र तयार झाले. एक प्रत मुलाच्या कपाटात आहे, एक माझ्या फाइलमध्ये, आणि तिसरी थोरल्या सिस्टरांनी मागून घेतली. ती त्यांनी मास्कच्या खोक्यांशेजारच्या कप्प्यात ठेवली आहे.